खवले कीड नेमकी कशी ओळखावी? (पानांवरचे टणक ठिपके, खोडावरचे फुगवटे, पांढरे थर)

रानजाई

नमस्कार. बागेतील तीन झाडांवर सध्या जे ठिपके आणि थर दिसत आहेत, ते सगळे खवले किडीचेच आहेत का, आणि असल्यास ती एकच कीड आहे का, हे समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

लिंबाच्या पानांवर आणि फळांवर तांबूस, गोल, अगदी चपटे ठिपके आहेत. ठिपक्याभोवतीचा पानाचा भाग पिवळा पडला आहे, पण पान हाताला चिकट लागत नाही. जास्वंदीच्या खोडावर आणि पानांच्या देठांवर तपकिरी, गुळगुळीत, अर्धगोल फुगवटे आहेत. तिच्या खालच्या पानांवर चिकट थर बसला असून त्यावर काजळीसारखे काळे आवरण चढले आहे, आणि मुंग्यांची रांग खालपासून शेंड्यापर्यंत सतत चालू असते. सायकसच्या पानांवर तर खडूची भुकटी उडवावी तसा पांढरा थर आहे, जो पुसल्यावर पूर्णपणे जात नाही.

या तिन्हींवर एकच उपाय चालेल की प्रत्येकाची वेगळी ओळख पटवून घ्यावी लागेल? ओळख पटवायची असेल तर साध्या डोळ्यांनी आणि हातातल्या भिंगाने ती कुठपर्यंत शक्य आहे?

सूक्ष्मदर्शी

तुमचे वर्णन इतके नेमके आहे की उत्तर देणे सोपे झाले आहे. तिन्ही झाडांवर खवले किडीच असण्याची शक्यता मोठी आहे, परंतु त्या एकच नाहीत, आणि त्यांतील फरक उपायाच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा आहे.

खवले किडी या मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी यांच्याच गणातल्या, म्हणजे सोंडेने रस शोषणाऱ्या कीटकांपैकी आहेत. जगभरात त्यांच्या सुमारे 8,000 प्रजातींची नोंद आहे. बागेत मात्र आपली गाठ प्रामुख्याने तीन कुळांशी पडते: कवचधारी खवले, मऊ खवले आणि पिठ्या ढेकूण. पिठ्या ढेकूण अंगावरच्या पांढऱ्या पिठामुळे आणि कडेच्या मेणाच्या धाग्यांमुळे बहुतेकांना ओळखू येतो, शिवाय तो मोठेपणीही हळूहळू चालू शकतो. गोंधळ होतो तो पहिल्या दोघांत.

कवचधारी खवल्याच्या पाठीवर जे दिसते ते त्याचे शरीर नसते. मेण आणि कात टाकताना सुटलेली जुनी कातडी यांपासून तयार झालेले ते एक स्वतंत्र झाकण असते आणि त्याच्या खाली मऊ, बिनपायांची मादी बसलेली असते. मऊ खवल्याचे असे नसते. तिथे जे टणक दिसते ती त्या किडीची स्वतःची पाठ असते, आणि ती शरीरापासून वेगळी करता येत नाही.

म्हणून पहिली चाचणी सुईची. भिंगाखाली एक ठिपका घ्या आणि बारीक सुईचे टोक त्याच्या कडेखाली सरकवून तो अलगद उचला. झाकण निघून आले आणि खाली पानाला चिकटलेला पिवळा किंवा नारिंगी मऊ जीव उरला, तर तो कवचधारी. सगळेच एकत्र निघून आले आणि उलटे केल्यावर खालच्या बाजूला सोंड व पायांचे अवशेष दिसले, तर तो मऊ खवला. ही चाचणी एकाच ठिपक्यावर करून थांबू नका. निरनिराळ्या आकारांचे आणि वयांचे ठिपके तपासा.

दुसरी खूण चिकटपणाची आहे आणि ती दुरूनही वाचता येते. मऊ खवले झाडाच्या अन्नवाहिनीतून रस ओढतात. त्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांचे घटक कमी असल्यामुळे त्यांना पुष्कळ रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर मधासारख्या थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. कवचधारी खवले पेशींमधला रस घेतात आणि असे थेंब टाकत नाहीत. लिंबाचे पान कोरडे आहे व ठिपक्याभोवती पिवळे वलय आहे, आणि जास्वंद मात्र चिकट, काळी व मुंग्यांनी भरलेली आहे, यावरून माझा अंदाज असा की लिंबावर कवचधारी आणि जास्वंदीवर मऊ खवला असावा. सायकसबद्दल नंतर सविस्तर लिहितो, कारण तो विषय अधिक गंभीर आहे.

कुंपणकाठ

माहिती चांगली आहे, पण एक प्रामाणिक शंका आहे. कोणताही खवला असला तरी शेवटी आपण निंबोळी तेलच फवारणार ना? मग सुईने एकेक झाकण उचलत बसण्याचा लाभ काय?

सूक्ष्मदर्शी

शंका रास्त आहे. तेल आणि साबण यांच्यापुरते पाहिले तर दोन्ही प्रकारांवर पद्धत बरीचशी सारखी आहे, हे मान्य. पण तीन ठिकाणी ओळख चुकली की श्रम वाया जातात.

पहिले म्हणजे, मुळांतून शोषली जाऊन झाडात पसरणारी काही कीटकनाशके, उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिड, रसवाहिन्यांमधून फिरतात. मऊ खवल्यापर्यंत ती पोहोचतात, परंतु पेशींमधून रस घेणाऱ्या कवचधारी खवल्यांवर त्यांचा प्रभाव सहसा पडत नाही. लिंबावरच्या ठिपक्यांसाठी कोणी असे औषध कुंडीत ओतले, तर कीड तशीच राहील आणि विषाचा अंश मात्र फुलांच्या मधापर्यंत जाऊन मधमाश्यांना बाधेल. खाण्याच्या फळझाडावर असे औषध घालण्याच्या तर मी ठाम विरोधात आहे.

दुसरे म्हणजे वेळ. कवचाखालच्या मादीपर्यंत आणि तिच्या अंड्यांपर्यंत फवारा नीट पोहोचत नाही. फवारणी खऱ्या अर्थाने लागू पडते ती रांगत्या पिल्लांवर, आणि ती केव्हा बाहेर पडतात हे प्रत्येक प्रजातीत वेगळे असते. अनेक मऊ खवल्यांची वर्षाला एक किंवा दोनच पिढ्या होतात, उलट उबदार हवेत कवचधारी खवल्यांच्या कितीतरी पिढ्या एकमेकींत मिसळून चालू राहतात.

तिसरे म्हणजे मुंग्या. मऊ खवल्यांच्या बाबतीत मुंग्यांचा बंदोबस्त हा अर्धा उपाय असतो, कारण गोड थेंबांच्या बदल्यात त्या खवल्यांच्या शत्रूंना हुसकावून लावतात. कवचधारी खवल्यांकडे मुंग्या सहसा फिरकत नाहीत. म्हणून एखाद्या झाडावर कवचधारी खवले दिसले आणि तरीही मुंग्यांची रांग असली, तर त्याच झाडावर मावा, पिठ्या ढेकूण किंवा मऊ खवलाही कुठेतरी लपलेला आहे असे समजून शोध चालू ठेवावा.

रानजाई

सुचवल्याप्रमाणे सुई आणि दहापट भिंग घेऊन तपासले. जे दिसले ते जसेच्या तसे लिहिते.

लिंबाच्या पानावरील मध्यम आकाराच्या ठिपक्यांचे झाकण कडेने सहज उचलले गेले. झाकण इतके पातळ होते की उजेडासमोर धरल्यावर ते जवळजवळ पारदर्शक, फिकट करड्या रंगाचे दिसले आणि मधोमध एक बारीक गडद टिंब होते. तांबडेपणा झाकणाचा नव्हताच, तो खाली बसलेल्या किडीचा होता. ती चपटी, नारिंगी आणि ओलसर चकाकणारी होती व सुई लागली तरी जागची हलली नाही. परंतु त्याच पानावरचे सर्वांत मोठे काही ठिपके उचलायला गेले, तर झाकण सुटेना. झाकण आणि कीड दोन्ही एकत्रच निघून आले. मग ते मऊ खवले म्हणायचे का?

जास्वंदीवर तर याहून गोंधळ झाला. खोडावरचा एक मोठा तपकिरी फुगवटा उचलला तर तो झाकणासारखा अखंड निघून आला आणि खाली कीड नव्हतीच. नुसती फिकट गुलाबी, रव्यापेक्षाही बारीक भुकटी सांडली. म्हणजे चाचणीनुसार हा कवचधारी ठरतो, पण चिकटपणा आणि मुंग्या तर मऊ खवल्याकडे बोट दाखवतात.

सूक्ष्मदर्शी

तुमची दोन्ही निरीक्षणे अचूक आहेत, आणि सुईच्या चाचणीची मर्यादा नेमकी त्यांतच आहे.

आधी जास्वंद. जी भुकटी सांडली ती अंडी आहेत. मऊ खवल्याची मादी अंडी घालताना आपले पोट आक्रसून पाठीखाली पोकळी तयार करते, त्या पोकळीत शेकडो अंडी साठवते आणि स्वतः मरून वाळते. मागे उरते ती टणक घुमटासारखी पाठ. ती उचलली की झाकण उचलल्यासारखेच वाटते. फरक असा की कवचधारी खवल्यात झाकणाखाली मादीचे वेगळे शरीर सापडते, जिवंत किंवा वाळलेले. इथे वेगळे शरीर नाही, कारण घुमट हेच शरीर आहे. घुमट उलटा करून भिंगाखाली पाहिल्यास आतल्या बाजूला वाळलेले पोट आणि कधीकधी पायांच्या खुणा दिसतात. गुळगुळीत, चकचकीत, तपकिरी अर्धगोल आणि आकार 2 ते 4 मिलिमीटर असेल, तर तो सैसेटिया कॉफी असण्याची शक्यता बरीच आहे. त्याच झाडावर लहान वयाचे, चपटे खवले शोधा. त्यांच्या पाठीवर इंग्रजी एच अक्षरासारखी उंचवट्याची रेघ दिसली, तर सैसेटिया या प्रजातीगटाला आणखी दुजोरा मिळेल. सैसेटिया कॉफीमध्ये वय वाढल्यावर ही रेघ पुसली जाते, तर तिच्या सैसेटिया ओलिए या नातलगात ती मोठेपणीही टिकते.

आता लिंबू. पातळ झाकणातून दिसणारा तांबडा रंग, फळांवरही असलेले ठिपके आणि पिवळे वलय पाहता हा लिंबूवर्गीय झाडांवरचा तांबडा खवला, म्हणजे एओनिडिएला ऑरान्टिआय, असावा असे वाटते. कात टाकण्याच्या काळात आणि पिल्ले देणाऱ्या प्रौढ मादीत शरीर झाकणाला घट्ट चिकटते, ही त्याची खासियत आहे. म्हणून मोठ्या ठिपक्यांचे झाकण तुम्हाला वेगळे करता आले नाही. मधल्या वयाच्या ठिपक्यांनी दिलेले उत्तर ग्राह्य धरा. ही मादी अंड्यांची रास घालत नाही, तर पिल्लांनाच जन्म देते, त्यामुळे तिच्या झाकणाखाली भुकटी सापडणार नाही.

शेवंती

हा धागा वाचून मी लगेच घरातल्या नेच्याची पाने उलटी करून पाहिली. खालच्या बाजूला तपकिरी, गोल, फुगीर ठिपक्यांच्या ओळी आहेत! एकेका पानावर मोठ्या संख्येने. झाड मात्र अगदी टवटवीत आहे. आणि कढीपत्त्याच्या पानांखाली काळे, चकचकीत, लंबगोल दाणे आहेत, ज्यांच्या कडेला बारीक पांढरी झालर आहे. दोन्ही खवलेच का?

फांदीवरचा पक्षी

नेच्याला हात लावू नका. ते बीजाणूंचे पुंजके आहेत, नेच्याचे पुनरुत्पादनाचे अवयव. ते पानाच्या शिरांना किंवा कडेला धरून ठरावीक अंतरावर असतात, प्रत्येक पर्णिकेवर त्यांची मांडणी सारखीच असते आणि नखाने खरवडल्यास कोरडी तपकिरी धूळ निघते. कीड अशी शिस्तीत बसत नाही. ती देठावर, मध्यशिरेलगत, पानाच्या वरही आणि खालीही, कुठे दाट तर कुठे विरळ अशी आढळते. नेच्यांवर खवले येतात हे खरे आहे, त्यामुळे ओळी सोडून देठावर एखादा फुगवटा दिसला तर तो मात्र तपासावा.

कढीपत्त्यावरचे काळे दाणे बहुधा काळ्या माशीच्या पिल्लांचे कोष आहेत. संत्र्या-मोसंबीवर हिच्यामुळेच पाने काळी पडून कोळशी येते. पांढरी माशी आणि काळी माशी यांची पिल्ले खवल्यांसारखीच चपटी आणि एका जागी चिकटलेली असतात, त्यामुळे गल्लत नेहमी होते. भिंगाने रिकामे कोष शोधा. माशी बाहेर पडताना कोषाच्या पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पडते. ती चीर दिसली की तो खवला नव्हे. फांदी हलवल्यावर बारीक माश्या उडाल्या तर प्रश्नच मिटला.

खोडावरच्या ठिपक्यांबाबतही एक सांगतो. कोवळ्या फांद्यांच्या सालीवर हवेच्या देवाणघेवाणीसाठी बारीक उंचवटे असतात. ते सालीचाच भाग असल्यामुळे सुईने उचलले जात नाहीत, खरवडले तर खाली हिरवी जखम होते. पाणी जास्त झाल्यावर काही झाडांच्या पानांखाली येणारे खरखरीत, बुचासारखे फोडदेखील असेच पानाचे भाग असतात.

शेवंती

टी आकाराची चीर सापडली, आणि तीही अनेक कोषांवर. नेचा वाचला याचा फार आनंद झाला, कारण संध्याकाळी ती सगळी पाने कापणार होते.

फांदीवरचा पक्षी

मग एका अन्यायाबद्दलही इथेच लिहितो, कारण तो बागांमध्ये फार होतो. पिठ्या ढेकणांच्या वस्तीत कधीकधी त्यांच्यासारखाच पांढरा, पण चांगला मोठा, लांब धाग्यांचा आणि लगबगीने चालणारा एक जीव दिसतो. लोक त्याला पिठ्या ढेकणांचा मोठा भाऊ समजून आधी चिरडतात. तो क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी असतो आणि पिठ्या ढेकणांची अंडी व पिल्ले हेच त्याचे अन्न असते. ती अळी 1 सेंटिमीटरपेक्षाही लांब होते, एवढा मोठा पिठ्या ढेकूण बागेत सहसा नसतो. बोटाने हलकेच डिवचून पाहावे. झपाट्याने पळाला तर तो आपला मित्र.

ढालकिड्यांवर माझा इतका विश्वास का, याला इतिहास आहे. इसेरिया पर्चेसी नावाची खवल्यांची एक प्रजाती ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात पोहोचली आणि 1880च्या दशकात तिथल्या संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त होण्याच्या बेतात आल्या. तेव्हा अल्बर्ट कोबेले यांनी 1888 मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन तिचा मूळचा शत्रू, रोडोलिया कार्डिनॅलिस हा लहानसा लालकाळा ढालकिडा, शोधून पाठवला. पुढच्या वर्षभरात त्या किडीचा जोर ओसरला. शत्रुकीटक आणून कीड आवरण्याच्या पद्धतीचे हे आजही पहिले मोठे यश मानले जाते. ही इसेरिया बागेत दिसली तर ओळखायला सोपी आहे: तांबूस-तपकिरी शरीर, काळे पाय आणि मागे शरीरापेक्षाही लांब अशी, उभ्या खाचांची पांढरी अंड्यांची पिशवी. तिला पिठ्या ढेकूण समजण्याची चूक होते, पण त्या खाचा पिठ्या ढेकणाच्या कापसासारख्या पुंजक्यात नसतात.

कुंपणकाठ

ओळखीचा लाभ आता पटला. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्याकडच्या मोगऱ्यावर मी तेल फवारले, तरी खवले जसेच्या तसे चिकटून आहेत. याचा अर्थ फवारणी वाया गेली असा घ्यावा का?

सूक्ष्मदर्शी

तसा अर्थ लगेच घेऊ नये. मेलेले खवले आपोआप गळून पडत नाहीत. कवचधारी खवल्यांची झाकणे तर कीड मेल्यानंतर महिनोन्‌महिने पानावर आणि खोडावर राहतात. त्यामुळे ठिपके उरले आहेत का हे न पाहता, ठिपक्याखाली काय आहे हे पाहावे लागते.

वेगवेगळ्या फांद्यांवरचे खवले सुईने उलटून टोकाने दाबा. ओलसर द्रव आला तर कीड जिवंत आहे. आत कोरडा, चुरगळलेला, तपकिरी पापुद्रा असेल तर ती मेली आहे. नव्या फुटीवर आणि यंदाच्या कोवळ्या पानांवर खवले नसतील, तर ती सर्वांत आश्वासक खूण आहे, कारण जुने ठिपके मागच्या हंगामाची गोष्ट सांगतात आणि नवी पाने आजची.

खवल्यांच्या पाठीवर छिद्रे आहेत का, हेही पाहा. सुबक, गोल, जणू सुईने पाडलेले छिद्र असेल तर आतून एखादी परजीवी गांधीलमाशी बाहेर पडली आहे. या गांधीलमाश्या खवल्याहूनही लहान असतात, माणसाला चावत नाहीत आणि आपले अंडे खवल्याच्या अंगात किंवा झाकणाखाली घालतात. कडा फाटलेले, वेडेवाकडे भोक असेल तर ते एखाद्या भक्षकाचे काम समजावे. तपासलेल्या खवल्यांपैकी बऱ्याच जणांवर गोल छिद्रे दिसली, तर मी फवारणी थांबवून फक्त मुंग्या रोखतो. खोडाभोवती कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट लेप लावला आणि भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, की मुंग्यांचा रस्ता तुटतो. लेप थेट सालीवर लावू नये.

रानजाई

रांगत्या पिल्लांचा उल्लेख वर आला आहे. ती केव्हा बाहेर पडली हे कसे कळते? भिंगानेही ती दिसली नाहीत.

सूक्ष्मदर्शी

पिल्ले 0.2 ते 0.4 मिलिमीटर एवढीच असतात, त्यामुळे नुसती शोधून सापडत नाहीत. त्यांना सहा पाय असतात, आणि जन्मानंतर काही तास ते एक-दोन दिवस एवढाच काळ ती फिरतात. मग जागा निवडून सोंड रोवतात. कवचधारी खवल्याच्या मादीचे पाय पहिल्या कात टाकण्याबरोबरच जातात आणि त्यानंतर ती मरेपर्यंत तिथेच राहते. झाडावरून झाडावर जाणारी अवस्था मुख्यतः ही पिल्लांचीच आहे, आणि वारा, पक्षी, आपले हात व कपडे त्यांना पुढे नेतात. नरांना एकच पंखांची जोडी असते आणि प्रौढ नराला तोंडच नसल्यामुळे तो फार थोडा काळ जगतो. बागकाम करणाऱ्याला तो क्वचितच दिसतो.

पिल्ले पकडण्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकट असणारी पारदर्शक टेप खवले असलेल्या फांदीभोवती घट्ट गुंडाळा. शेवटचे टोक दुमडून ठेवा, म्हणजे काढणे सोपे जाईल. आठवड्यातून एक-दोनदा ती काढून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि भिंगाने पाहा. पिवळे किंवा नारिंगी, धुळीच्या कणाएवढे लंबगोल ठिपके टेपच्या कडेशी जमलेले दिसले की पिल्ले निघाली आहेत. धुळीच्या कणांना पाय नसतात, पिल्लांना असतात. दहापट भिंगात एवढे कळते.

त्यानंतर बागेसाठीचे तेल किंवा निंबोळी तेलाचे साबणमिश्रित द्रावण, वेष्टनावरील प्रमाणानेच, पानांच्या दोन्ही बाजू आणि खोड निथळेपर्यंत फवारावे. तेल किडीला गुदमरवून मारते, म्हणून जिथे ते पोहोचले नाही तिथे उपयोग शून्य. आधी काही पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहावी, कारण नेचे आणि काही कोवळ्या पानांची झाडे तेलाने भाजतात. उन्हाच्या वेळी किंवा पाण्याअभावी मलूल झालेल्या झाडावर फवारू नये. कवचधारी खवल्यांसाठी सात ते दहा दिवसांच्या अंतराने पुन्हा फवारावे लागते, कारण सगळी पिल्ले एकदम निघत नाहीत.

पण फवारणीआधी हात वापरा, असा माझा आग्रह आहे. लहान झाडावर जुन्या मऊ दातघासणीने, साबणाच्या पाण्यात बुडवून, खोड आणि पानांचे देठ घासले तर बहुतेक माद्या निघून जातात, आणि सोंड तुटलेली मादी परत चिकटू शकत नाही. जास्वंदीवरच्या अंड्यांनी भरलेल्या घुमटांसाठी हाच उपाय उत्तम आहे, फक्त खाली कागद पसरा आणि पडलेले सर्व पिशवीत बंद करून टाका, नाहीतर अंडी कुंडीतच उबतील. पानांवरची काळी बुरशी झाडात शिरत नाही. ती फक्त साखरेवर वाढते आणि पानाचा उजेड अडवते. ओल्या फडक्याने ती पुसली जाते. एक लक्षात असू द्या: काळी पाने ज्या फांदीवर आहेत त्या फांदीवर कीड असेलच असे नाही. थेंब वरून पडतात, म्हणून वर पाहा.

रानजाई

आणि सायकस?

सूक्ष्मदर्शी

त्याच्याबद्दल मी मुद्दाम थांबलो होतो. सायकसवरचा पांढरा थर भिंगाखाली दोन प्रकारच्या कणांचा बनलेला दिसतो का ते पाहा. काही पांढरे कण पसरट, साधारण नासपतीच्या आकाराचे आणि एका टोकाला पिवळसर ठिपका असलेले असतील. त्या माद्या. उरलेले कितीतरी बारीक, लांबट आणि समांतर कडांचे असतील. ती नरांची आवरणे. मादीचे झाकण उचलल्यावर खाली नारिंगी शरीर आणि नारिंगी अंडी सापडली, तर तो औलाकॅस्पिस यासुमात्सुई, म्हणजे सायकसवरचा आग्नेय आशियातून जगभर पसरलेला कवचधारी खवला, असण्याची शक्यता फार मोठी आहे. मुख्यतः पानांच्या खालच्या बाजूपासून सुरुवात होते, प्रथम पिवळे ठिपके पडतात, मग संपूर्ण पान पिवळे होऊन तपकिरी पडते.

याच्याबद्दल मी अधिक कडक बोलतो त्याचे कारण हे की तो मुळांवरही राहतो. पाने स्वच्छ केली तरी जमिनीखालून पुन्हा वर येतो, आणि दुर्लक्ष झाल्यास संपूर्ण झाड मरते. सायकसची वाढ अत्यंत संथ असते, म्हणून एक झाड गमावणे म्हणजे अनेक वर्षांची वाढ गमावणे. जास्त ग्रासलेली पाने कापून लगेच पिशवीत बंद करावीत, बागेत ओढत नेऊ नयेत. उरलेल्या पानांवर तेल पुनःपुन्हा, विशेषतः खालच्या बाजूने, फवारावे. कुंडीतले झाड असेल तर वरची माती सरकवून मुळांवर पांढरे कण आहेत का ते पाहावे. आणि मेलेले पांढरे खवलेही पानावर दीर्घकाळ चिकटून राहतात, त्यामुळे यश मोजायचे ते नव्या पानांच्या फेरीवरूनच.

कुंपणकाठ

छायाचित्र टाकले तर प्रजातीचे नाव नक्की सांगता येईल का?

सूक्ष्मदर्शी

कुळापर्यंत बहुतेक वेळा, प्रजातीपर्यंत काही वेळाच. तज्ज्ञ खवल्यांची प्रजाती ठरवतात ती प्रौढ मादीला रसायनात स्वच्छ करून, काचपट्टीवर बसवून, सूक्ष्मदर्शकाखाली. कवचधारी खवल्यात शरीराच्या मागच्या टोकाचे खंड एकजीव झालेले असतात आणि त्यांच्या कडेवरील दातऱ्या, काटे व ग्रंथींची छिद्रे पाहून निर्णय होतो. झाकणाचा रंग झाडानुसार आणि वयानुसार बदलतो, म्हणून रंगावर विसंबू नये. वर मी जी नावे घेतली ती यजमान झाड आणि दिसणारी लक्षणे यांवरून बांधलेले अंदाज आहेत.

तरीही छायाचित्र उपयोगी करायचे असेल तर पाच गोष्टी हव्यात: झाडाचे नाव, संपूर्ण फांदी, जवळून दिसणारे ठिपके, शेजारी मिलिमीटरची पट्टी, आणि सुईने उलटलेला एक ठिपका, म्हणजे खालची बाजू. पाचव्याशिवाय मी अंदाज देणे टाळतो.

रानजाई

छायाचित्रे उद्या टाकते. सायकसच्या पांढऱ्या थरात नासपतीच्या आकाराचे आणि लांबट असे दोन्ही प्रकारचे कण आहेत, आणि झाकणाखाली नारिंगी अंडी दिसली. वरची माती सरकवल्यावर बुंध्यालगतच्या दोन मुळांवरही पांढरे कण सापडले. कुंडी बाकीच्या झाडांपासून दूर हलवली आहे. लिंबाच्या फांदीवर टेप बांधली आहे.

सूक्ष्मदर्शी

मग सायकसपासून सुरुवात करा, लिंबू थांबू शकतो. ग्रासलेली पाने आजच कापा. झाड कुंडीतून काढता येण्याजोगे असेल तर मुळांवरची माती झटकून पांढरे कण असलेली मुळे मऊ ब्रशने घासून धुवा आणि नव्या मातीत लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. कात्री, हातमोजे आणि कुंडीचा तळ साबणाच्या पाण्याने धुऊन मगच दुसऱ्या झाडाकडे वळा. जवळपास दुसरा सायकस असेल तर त्याच्या सर्वांत खालच्या पानांची खालची बाजू आजच भिंगाने तपासा, तो वरून कितीही हिरवा दिसत असला तरी.

शेवंती

माझ्याकडे एक सायकस आहे. खालच्या पानांवर मध्यशिरेलगत चार-पाच पांढरे ठिपके आत्ताच सापडले, एकाला सुई लावली तर खाली नारिंगी ओलसर कीड आहे. ती पाने कापत आहे आणि मुळे तपासून इथेच लिहिते.